देव निवडतो, मग मतपत्रिका कशाला?

जय ख्रिस्त, भाऊ.

तुमचा प्रश्न नीट वाचला. शहादा तालुक्यातली तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, आणि पुढच्या महिन्यात तिचा कारभार पाहणाऱ्या पंचांची निवड. पाळकसाहेब दर रविवारी सांगतात, "प्रार्थना करा, देव निवडील." उपासना सुटली की प्रार्थनामंदिराच्या अंगणातच दोन गट उभे राहतात, आणि संध्याकाळी कोणाला किती मतं पडतील याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मागच्या वेळी ज्याला "देवाने निवडलं" म्हणून टाळ्या वाजवल्या, त्या खजिनदाराने पूर्ण मुदतीत एकदाही हिशोब मांडला नाही, आणि काही घरांनी मंडळीत येणंच बंद केलं. आता तुम्ही विचारता, की असल्या निवडीला देवाची निवड म्हणायचं तरी कसं? त्यापेक्षा सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात का? आणि शेवटी, जरा संकोचून, की तुमचंही नाव पुढे आलंय, हो म्हणू की नको?

मी धुळे-नंदुरबार भागात पाळकी केली. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या मंडळ्या निवडणुकीच्या दिवशी निरीक्षक म्हणून बोलावतात. त्या अनुभवावरून सांगतो. लांबण लागेल, पण तुम्ही विचारलंयच मनापासून.

वरवर पाहता तुमचा प्रश्न पद्धतीचा आहे: मत की चिठ्ठी. खरं दुखणं वेगळं आहे. "देव निवडील" या वाक्याच्या आड दोन प्रकारची माणसं लपतात. एक भिडस्त. त्यांना कोणाबद्दल काही विचारायचं नसतं, वाईटपणा घ्यायचा नसतो, म्हणून चौकशीचं सगळं ओझं ते देवावर टाकतात. दुसरे तोंडाने हेच वाक्य म्हणतात आणि रात्री घरोघर जाऊन मतांची जुळवाजुळव करतात. देव निवडेल यावर या दुसऱ्यांचा भरवसा असता, तर त्यांना रात्री फिरावं लागलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की माणूस पारखून घेणं देवावरच्या भरवशाच्या आड येत नाही; निकाल स्वतःच्या मुठीत ठेवण्याची धडपड मात्र येते. चांगलं बियाणं निवडून घेणारा शेतकरी पावसासाठी प्रार्थना करत नाही असं थोडंच आहे? पुढे जे लिहितो ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी थोडं परिस्थितीबद्दल, कारण सगळ्या मंडळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. कॅथलिक धर्मग्रामात फादरांची नेमणूक बिशप करतात, तिथे सभासदांच्या मताचा प्रश्नच येत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पाळक बिशपांकडून येतो, पण पास्टोरेट कमिटी, म्हणजे स्थानिक मंडळीची कारभार समिती, सभासद निवडतात. आपल्या खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या स्वीडिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांच्या कामातून उभ्या राहिल्या. मिशनच्या काळात कामगार मिशन नेमायचं आणि पगारही मिशनच द्यायचं. ते दिवस गेले, आणि पंच, वडील, खजिनदार निवडायचं काम सभासदांच्या अंगावर आलं. वरून नाव येण्याची सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही. तुम्ही "पंचांची निवड" म्हणता, म्हणून सभासदच निवडणारी मंडळी मी धरून चालतो.

मंडळी केवढी आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पाड्यावरच्या पंधरा-वीस घरांत सगळे एकमेकांचे सोयरेधायरे असतात. तिथे मतमोजणी म्हणजे घरांची मोजणी होते, आणि दोन मतांनी हरलेला माणूस वर्षभर भावाशी बोलत नाही. अशा ठिकाणी सगळ्यांनी एकत्र बसून, बोलून ठरवणं बरं. भुसावळसारख्या गावी, जिथे रेल्वेच्या नोकरीमुळे माणसं बाहेरून येतात आणि बदलून जातात, तिथे निम्म्या सभासदांना उरलेल्यांची नावंही ठाऊक नसतात. तिथे बसून बोलण्याने भागत नाही, लेखी माहिती आणि गुप्त मतदान लागतं. तुमची मंडळी या दोन्हींच्या मधली दिसते.

आता पवित्र शास्त्र काय दाखवतं ते पाहू. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांतले निवडीचे तीन प्रसंग घ्या, तिन्हींत रीत वेगळी आहे. पहिल्या अध्यायात प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाची जागा भरायची होती. सुमारे एकशेवीस जण जमले होते. त्यांनी योसेफ बर्सबा आणि मत्थिया ही दोन नावं काढली, प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. सहाव्या अध्यायात सात सेवक निवडायचे होते, ते सगळ्या समुदायाने निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीतले संदेष्टे आणि शिक्षक उपास करून प्रभूची सेवा करत असताना पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं करायला सांगितलं. म्हणजे देवाने एकाच रीतीला मोहोर लावलेली नाही. तिन्ही ठिकाणी समान काय आहे? प्रार्थना आहे, आणि ज्यांची निवड झाली ती माणसं मंडळीला आधीपासून पुरती माहीत होती. मत्थिया कोण? योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जे बरोबर वावरले, त्यांच्यातला एक. पेत्राने ती अट आधी घातली आणि मग नावं काढली गेली. बर्णबा आणि शौल यांनी अंत्युखियात अगोदर वर्षभर शिकवलं होतं.

चिठ्ठीबद्दलचं तुमचं उत्तर इथेच मिळतं. चिठ्ठी टाकणं पाप आहे असं मी म्हणत नाही. नीतिसूत्रे १६:३३ सांगतं, की पदरात चिठ्ठ्या टाकल्या तरी त्यांचा निर्णय परमेश्वराकडून असतो. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, कॉप्टिक मंडळीत आजही सर्वोच्च धर्मगुरूचं नाव चिठ्ठीने ठरतं. २०१२ साली पोप तवाद्रोस यांची निवड झाली तेव्हा डोळे बांधलेल्या एका मुलाने काचेच्या पात्रातून चिठ्ठी उचलली. पण त्याआधी बरेच दिवस उमेदवारांची छाननी चालली होती, मतदान झालं होतं, आणि तिघांचीच नावं उरली होती. तिघांपैकी कोणीही आलं तरी मंडळीला चाललं असतं, अशी वेळ आल्यावरच चिठ्ठी टाकली. आपल्याकडे चिठ्ठी सुचवतात ती बहुधा छाननी टाळण्यासाठी. कोणाचंही नाव टाका, देव बघून घेईल, असं. त्याला मी पाठिंबा देत नाही. दोन माणसं सारखीच लायक आहेत, मतंही सारखी पडली, तर खुशाल प्रार्थना करून चिठ्ठी टाका. मी टाकू दिली आहे, आणि ज्याचं नाव निघालं नाही त्यानेच पहिल्यांदा उठून दुसऱ्याचा हात धरला हेही पाहिलं आहे.

सहाव्या अध्यायाकडे मात्र जरा थांबून पाहा, कारण तुमच्या मंडळीचं दुखणं तिथे जसंच्या तसं आहे. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची कुरकुर होती, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. मंडळी नवी, माणसं दोन भाषांची आणि भांडण भाकरीवरून. प्रेषितांनी काय केलं? "कुरकुर करू नका, प्रार्थना करा," असं सांगून त्यांना गप्प बसवलं नाही. तुमच्यातूनच सात जण शोधून काढा म्हणाले. चांगल्या नावलौकिकाचे, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. आता निवडलेल्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती सगळ्या मंडळीचं वाटप दिलेलं दिसतं. बहुमत इब्री बोलणाऱ्यांचं असणार. त्यांनी हे कसं मान्य केलं असेल? निकाल मुठीत ठेवायचा नाही असं ठरवल्याशिवाय हे होत नाही. देवाचं मार्गदर्शन मला इथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

आपल्या मंडळ्यांत असं क्वचित घडतं. जुन्या मिशन कंपाउंडातली घराणी, ज्यांच्या आजोबांनी मिशनरींबरोबर काम केलं, त्यांच्याकडेच खुर्च्या राहतात. मावची, भिली, पावरी बोलणाऱ्या पाड्यांवरचे विश्वासणारे संख्येने जास्त असले तरी पंचांत त्यांचा एखादाच, तोही सभेत न बोलणारा. त्या जुन्या घराण्यांनी मंडळीसाठी खूप सोसलं आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण या खेपेला तुमच्या मंडळीत कोणाची घरं यायची बंद झाली, ते आधी विचारा. त्या घरांतला एखादा विश्वासू माणूस पंचांत येऊ शकतो का, याचा विचार झाल्याशिवाय नावांची यादी बंद करू नका.

पारख कशी करायची? १ तीमथ्य तिसरा अध्याय आणि तीताला पत्र पहिला अध्याय उघडा. अध्यक्षासाठी, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्यासाठी, जी यादी आहे तिच्यात "शिकवण्यास निपुण" अशा एखाद-दोन गोष्टी सोडल्या तर बाकी बहुतेक सगळं रोजच्या वागण्यातलं आहे. मद्यपी नसावा, मारका नसावा, द्रव्यलोभी नसावा, अतिथिप्रिय असावा, स्वतःचं घर चांगलं चालवणारा असावा. हे भाषणावरून कळत नाही, शेजाऱ्यांना कळतं. सातव्या वचनात तर बाहेरच्या लोकांतही त्याची साक्ष चांगली असावी असं आहे. आपण बाहेरच्यांना कधी विचारतो? गावच्या किराणा दुकानदाराला त्या माणसाची उधारी कशी असते ते ठाऊक असतं. शेतावर येणाऱ्या मजुरांना मजुरी वेळेवर मिळते की नाही ते ठाऊक असतं.

मी स्वतः नाव सुचवलेल्या माणसाबद्दल आधी अशांना विचारतो, ज्यांच्याकडून त्याला काही मिळण्यासारखं नाही. एकट्या म्हाताऱ्या, आजारी माणसं, नवऱ्याने टाकलेल्या बाया. साक्रीकडच्या एका मंडळीत एका माणसाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. प्रार्थना सुंदर करायचा, आवाज खणखणीत. त्याच्या गल्लीतल्या एका आजीला मी विचारलं, हा भाऊ तुमच्याकडे येतो का? आजी शेणाने ओटा सारवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तो मन्हा घर फक्त वर्गनी मांगालेच येस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, जे होतं ते सांगितलं. मी ते नाव खोडलं नाही, तो माझा अधिकारच नव्हता. त्या भावाला मात्र एकट्याला भेटून हे सांगितलं. तो गप्प झाला आणि त्या वर्षी त्याने स्वतःच नाव मागे घेतलं. पुढे तो आजारी माणसांकडे जाऊ लागला, आणि नंतरच्या निवडणुकीत लोकांनी त्याला आनंदाने निवडलं.

अशी चौकशी म्हणजे चहाडी होईल अशी भीती वाटते ना? फरक सोपा आहे. जे कळलं ते त्या माणसाच्या तोंडावर सांगायची तयारी असेल तर ती चौकशी. ते ग्रुपवर टाकायचं असेल तर ती निंदा.

मतदानाबद्दल दोन-तीन गोष्टी, ज्या "आध्यात्मिक" वाटत नाहीत म्हणून पाळकही टाळतात. पहिली तारखेची. दसरा-दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत सुरत-बारडोलीकडे जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत वार्षिक सभा ठेवली की ही सगळी घरं आपोआप बाहेर. मग गावात राहिलेल्या नोकरदारांनी आणि शेतीवाल्यांनी निवड करायची, आणि वर म्हणायचं, मंडळीने एकमताने ठरवलं. देवाच्या लोकांना जमायची संधीच न देता देवाचा कौल कसा मागायचा? सभा उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी ठेवा.

दुसरी गोष्ट हात वर करून मत देण्याची. समजा उमेदवारांपैकी एक ऊसतोडीचा मुकादम आहे आणि मंडळीतल्या दहा घरांनी त्याच्याकडून उचल घेतली आहे. तो समोर बसलेला असताना त्यांचे हात वर जातील की नाही? जाणारच. तो वाईट माणूस असायची गरजही नाही, कर्जाचं दडपण पुरेसं असतं. म्हणून गुप्त मतदान. वाचता न येणाऱ्यांसाठी मी पडद्याआड डबे ठेवायला सांगतो, प्रत्येक डब्यावर उमेदवाराचा फोटो. जितक्या जागा तितक्या चिठ्ठ्या हातात द्यायच्या. म्हाताऱ्या बाया पहिल्यांदा बावरतात, मग सुनेला बाहेर थांबवून स्वतः आत जातात. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं.

तिसरी, "बिनविरोध". आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून ही मोठी मानाची गोष्ट, आणि मंडळीत तर बिनविरोध झाली म्हणजे देवाचीच इच्छा असं समजतात. कधी ते खरं असतं. मी अशा सभा पाहिल्या आहेत जिथे एक नाव उच्चारलं गेलं आणि सगळ्यांची मनं हलकी झाली. पण घाबरलेली मंडळीही बिनविरोधच निवडते. सभा संपल्यावर माणसं अंगणात रेंगाळून हसत-बोलत असतील तर पहिला प्रकार. डोळे चुकवून भराभर घरी गेली तर दुसरा. ही माझी खूण आहे, नियम म्हणून सांगत नाही.

आता स्वप्नं आणि दर्शनं. आपल्या भागात कोणीतरी उठून सांगतंच, "देवाने मला अमक्याचं नाव दाखवलं." मी याला हसत नाही. देव आजही बोलतो असा माझा विश्वास आहे, आणि पौल सांगतो, संदेशांचा धिक्कार करू नका. पण त्याच वाक्याला जोडून तो सर्व गोष्टी पारखायला सांगतो, आणि करिंथच्या मंडळीला सांगतो, की संदेष्टा बोलला की इतरांनी निर्णय करावा. अंत्युखियातही एकट्याच्या कानात आलेला निरोप सगळ्यांवर लादलेला दिसत नाही, ती माणसं एकत्र उपास करत होती. म्हणून असं दर्शन कोणी सांगितलं तर ते पंचांपुढे आणि पाळकांपुढे ठेवावं, सभेत मत पडण्याआधी घोषणा करू नये. "देवाने दाखवलं" म्हटल्यावर विरुद्ध मत देणारा देवाचा विरोधक ठरतो, आणि हा भार कोणाच्याही डोक्यावर ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

मग प्रार्थनेचं काम काय, असं तुम्ही म्हणाल. सगळं चौकशीवर आणि डब्यांवरच सोडलं की काय? उलट, माझी तक्रार आहे की आपण प्रार्थना फार उशिरा करतो. नावं ठरतात, गट ठरतात, मग मतदानाच्या सकाळी दहा मिनिटं डोळे मिटतो. ती प्रार्थना माझा माणूस येऊ दे एवढीच उरते. यादी कोरी असताना प्रार्थना करा. मी मंडळ्यांना सांगतो, नावं मागवण्याआधी एक उपास-प्रार्थनेचा दिवस ठेवा, आणि त्या दिवशी कोणाचंही नाव तोंडातून काढायचं नाही. शमुवेल नवा राजा निवडायला बेथलेहेमात इशायाच्या घरी गेला तेव्हा थोरल्या अलियाबाला पाहूनच त्याला वाटलं, हाच. देवाने थांबवलं. सात मुलगे समोरून गेले, आणि ज्याला बोलावलंच नव्हतं तो आठवा रानात मेंढरं राखत होता. शमुवेल संदेष्टा होता, तरी त्याची पहिली पसंती चुकीची ठरली. त्या दिवशी त्याचं मन बदलायला मोकळं होतं, म्हणून दावीद सापडला. यादी कोरी असतानाची प्रार्थना आपल्या मनाला तेवढी मोकळीक देते.

आणि आणखी एक करा. ज्याचं नाव तुम्हाला नको आहे, त्याच्यासाठी नाव घेऊन घरी प्रार्थना करा, त्याची बायको-मुलं, त्याचं शेत, त्याचं दुखणं आठवून. काही दिवस हे केल्यावरही तो माणूस अयोग्य वाटला, तर तुमचं मत बहुधा रागातून आलेलं नाही.

आता तुमच्या मनातल्या सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. एवढं करूनही माणूस चुकीचा निघाला तर? मागचा खजिनदार देवाने निवडला होता की नाही?

लूक ६:१२-१६ वाचा. प्रभू येशू डोंगरावर गेला, रात्रभर प्रार्थनेत राहिला, आणि सकाळी त्याने बारा जण निवडले. त्यांत यहूदा इस्कर्योत होता. योहान १२:६ प्रमाणे पैशाची डबी त्याच्याकडेच होती आणि तो तिच्यातून घेत असे. प्रभूची प्रार्थना कमी पडली असं कोण म्हणेल? तेव्हा निवड प्रार्थनेने झाली याचा अर्थ निवडलेला माणूस पुढे पडणार नाही असा होत नाही. प्रत्येक निवडलेल्याला रोज विश्वासू राहायचं की नाही हे ठरवावं लागतं. तुमच्या खजिनदाराने हिशोब दिला नाही हा त्याचा दोष. मंडळीने तेवढा काळ मागितला नाही हा मंडळीचा. देवाने चुकीचा माणूस दिला असं म्हणून दोघांनाही सुटता येणार नाही.

पैशाच्या बाबतीत पौलाची रीत पाहा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मोठी रक्कम गोळा झाली, तेव्हा ती पोचवायला त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला आणखी एक भाऊ दिला. कारणही लिहून ठेवलं: या देणगीबद्दल कोणी आमच्यावर दोष ठेवू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते आम्ही योजतो (२ करिंथ ८:२०-२१). प्रत्यक्ष पौलाने एकट्याने पैसा हाताळला नाही, तर आपण खजिनदाराला एकट्याला का सोडतो? माझ्या मंडळीत दर रविवारी उपासनेनंतर टेबलावर चादर पसरून दोघे जण अर्पण मोजत, दोघे वेगवेगळ्या घरांचे. नोटांची थप्पी, नाण्यांचे ढीग, आणि पाकिटावरचं नाव रजिस्टरात चढवलं की दोघांच्या सह्या. तिसरा माणूस सोमवारी बँकेत भरायचा आणि स्लिप रजिस्टरला टाचायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च फलकावर. यात कोणावर अविश्वास नव्हता. मोह पडण्याची जागाच कमी केली, म्हणून खजिनदारही निवांत झोपायचा.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण पुष्कळ मंडळ्या इथे अडकतात. तुमची मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्राच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि दरवर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात. सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठराव हे सगळं नीट नसेल तर एक गट आक्षेप घेतो आणि प्रकरण वर्षानुवर्षं तारखांवर चालतं. मी भाऊ-भाऊ धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर पाठ फिरवून बसलेले पाहिले आहेत. म्हणून मतदार सभासदांची यादी सभेच्या आधी फलकावर लावा, आणि तुमच्या घटनेत काय लिहिलंय ते वाचून सभा चालवा. घटना कपाटात असते, कोणी वाचलेली नसते. तुम्ही वाचा.

आता तुमचं स्वतःचं. हो म्हणावं की नाही? मी तुम्हाला ओळखत नाही, तेव्हा निर्णय देत नाही. पण पौल म्हणतो, कोणी अध्यक्षाचं काम करू पाहत असेल तर तो चांगल्या कामाची आकांक्षा धरतो. म्हणजे इच्छा असणं हे लाजण्यासारखं नाही. आधी घरी विचारा. तुमच्या पत्नीला, आई-वडिलांना माहीत आहे तुम्ही रागावल्यावर कसे वागता, पैसा कसा हाताळता. त्या दोघा-तिघांनी मान डोलावली तर मग मंडळीतल्या अशा एका माणसाला विचारा, ज्याचं तुमच्याशी पटत नाही. तो म्हणाला, "माणूस सरळ आहे, माझं पटत नाही एवढंच," तर त्या शब्दाला मी दहा मित्रांच्या आग्रहापेक्षा जास्त वजन देईन. तुम्ही विश्वासात नवे असाल तर या खेपेला थांबा. तीमथ्याला लिहिताना पौलाने तीही अट घातली आहे, आणि उतावळीने कोणावर हात ठेवू नको असंही म्हटलं आहे. थांबण्याने देवाचं काही अडत नाही.

हो म्हणालात तर मग एक करा: कोणाकडेही मत मागू नका. तुमच्या बाजूने मागणाऱ्यांनाही थांबवा. तो व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तुमच्या समर्थकांचा असेल तर तिथे स्पष्ट लिहा, की माझ्या नावाने मतांची यादी करू नका. काहींना हे भाबडेपणाचं वाटेल, आणि समोरचा गट फिरतच राहील. तुम्ही पडालही कदाचित. पण निवडून आलात तर कोणाचंही देणं डोक्यावर न घेता याल, आणि पहिल्याच बैठकीत दोघांनी पैसे मोजायचा ठराव मांडायला तुम्हाला कोणाची भीड वाटणार नाही. पडलात तर पुढच्या रविवारी संडे स्कूलची मुलं तशीच तुमची वाट पाहत असतील, आणि नव्या खजिनदाराला रजिस्टर कसं आखायचं ते शिकवायलाही कोणीतरी हवंच असेल.

मात्र हे सगळं करण्याआधी या आठवड्यात पाळकसाहेबांना एकट्याने भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, दोन विनंत्या घेऊन जा: नावं मागवण्याआधी उपास-प्रार्थनेचा एक दिवस ठेवावा, आणि सभासदांची यादी फलकावर लावावी. कामाला बाहेर गेलेली घरं परत आली आहेत का तेही विचारा. आली नसतील तर तारीख पुढे ढकलायला सांगा. ते तयार झाले आणि त्या दिवशी निरीक्षक म्हणून बाहेरचा कोणी हवा असेल, तर मला कळवा. शहादा काही लांब नाही.